मेपलच्या भट्टीचं धुराडं छपरातून बाहेर कसं काढायचं?

फेब्रुवारी सरत आला की अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, म्हणजे व्हर्माँट, न्यू हॅम्पशायर आणि न्यूयॉर्कच्या उत्तर भागात, तसंच सीमेपलीकडे क्वेबेक आणि ओंटारियोत मेपल या झाडाच्या रसाचा हंगाम लागतो. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा शून्याच्या वर चढलेलं तापमान, असं हवामान लागून राहिलं की शुगर मेपलच्या खोडाला पाडलेल्या भोकातून रस पाझरतो. दिसायला हा रस पाण्यासारखा असतो आणि चवीलाही जवळपास पाणीच. त्यात साखर असते साधारण 2 टक्के. एक लिटर सिरप, म्हणजे दाट गोड पाक, हवं असेल तर सुमारे 40 लिटर रस आटवावा लागतो.

कोल्हापूरकडच्या माणसाला ही सगळी खटपट आपल्या गुऱ्हाळासारखी वाटेल, आणि ती आहेही. पण उसाच्या रसात साखर याच्या सात-आठ पट असते, त्यामुळे आटवायचं पाणी पुष्कळ कमी. दुसरा फरक आपल्या विषयाच्या कामाचा आहे. गुऱ्हाळाचं चुलवण जमिनीत असतं. काहिलीखालून गेलेला जाळ-धूर जमिनीतल्या मार्गाने सरकून बाजूला बांधलेल्या विटांच्या चिमणीतून वर जातो. मेपलची भट्टी मात्र जमिनीवर उभी असलेली लोखंडी पेटी असते. ती बहुतेक वेळा लाकडी खोपटात असते आणि तिची पत्र्याची नळी लाकडाच्याच छपराला भोक पाडून वर निघते. बाहेर बर्फ असतं, म्हणून उघड्यावर काम करणं नकोसं होतं. खोपटाला तिकडे शुगरहाऊस म्हणतात, भट्टीला इव्हॅपोरेटर.

छपरातून नळी काढणं हे ऐकायला सुतारकामातलं किरकोळ काम वाटतं. घरातल्या लाकडाच्या शेगडीची नळी हजारो घरांत छपरातून जाते, तशीच ही, असं समजून लोक कामाला लागतात. तिथेच गडबड होते, कारण या नळीतून जाणारी उष्णता वेगळ्या जातीची असते.

एक साधा हिशोब करू. एक लिटर उकळत्या पाण्याची वाफ करायला साधारण 2,257 किलोज्यूल उष्णता लागते. थंड रस उकळीला आणण्याची उष्णता धरली तर 40 लिटर रसामागे 100 मेगाज्यूलच्या थोडं वरच खर्च होतो. चांगल्या वाळलेल्या लाकडाच्या एका किलोतून 15 मेगाज्यूल मिळतात असं धरा, आणि त्यातले निम्मे भांड्यापर्यंत पोचतात असं धरा. म्हणजे एका लिटर सिरपमागे 14 किलोंच्या आसपास लाकूड. जुनी माणसं ठोकताळा सांगतात की एका कॉर्ड लाकडात 25 गॅलन, म्हणजे सुमारे 95 लिटर, सिरप होतं. कॉर्ड म्हणजे 128 घनफूट रचलेलं लाकूड. आकडेमोड करून पाहिली तर हा ठोकताळा आपल्या हिशोबाच्या जवळपासच येतो. जे निम्मं भांड्यापर्यंत पोचत नाही, त्यातला मोठा वाटा नळीतून वर जातो. तीच उष्णता छपराजवळून जाते.

शिवाय इथे आग मुद्दाम भडक ठेवतात. घरातली शेगडी रात्रभर धुमसावी अशी अपेक्षा असते. इव्हॅपोरेटरमध्ये मनगटाएवढ्या जाडीच्या वाळक्या ढलप्या दर आठ-दहा मिनिटांनी आत सारतात, कारण जाळ भट्टीच्या तोंडापासून मागच्या भांड्याच्या शेवटापर्यंत पळत गेला पाहिजे. मागच्या भांड्याला खाली उभ्या पत्र्याच्या पन्हळी असतात, जाळ त्यांच्यामधून जातो आणि तापण्याची जागा कितीतरी पटीने वाढते. तिथून सुटलेला वायू नळीत शिरतो तेव्हा 300 ते 500 अंश सेल्सिअस सहज असतो, जोराच्या आगीत त्याहून वर. कधी कधी ज्वाळाही नळीत शिरतात आणि नळीचा बूड लालबुंद होतो. बघायला छान वाटतं, पण त्याचा अर्थ एवढाच की लाकडाचे पैसे आकाशात चालले आहेत.

आता लाकूड पेटतं कधी? ठिणगी किंवा ज्वाळा जवळ असेल तर साधारण 250 ते 300 अंशांना. पण तेच लाकूड वर्षानुवर्षं तापत राहिलं, तर त्यातली ओल आणि वायू निघून जातात, पृष्ठभाग हळूहळू कोळशासारखा होतो आणि मग ते बरंच कमी तापमानालाही पेट घेऊ शकतं. मेपलचा हंगाम चार ते सहा आठवड्यांचा. त्यामुळे चुकीची बसवलेली नळी पाच-दहा हंगाम निमूट चालते आणि पुढच्या एखाद्या रात्री खोपट जळतं. 'इतकी वर्षं काही झालं नाही' हा युक्तिवाद या बाबतीत उलटा धरावा: जितकी वर्षं झाली, तितकं ते लाकूड पेटायला तयार.

यावर उपाय दोनच. एक तर लाकूड लांब ठेवायचं, नाहीतर नळीच अशी घ्यायची की तिचा बाहेरचा अंग फार तापू नये. पहिल्या उपायाला हवा लागते आणि हवा फुकट आहे. दुसऱ्याला पैसे लागतात. माझ्या मते सगळा खर्चाचा प्रश्न इथेच सुटतो किंवा बिघडतो, दुकानात जाण्याच्या आधी.

एकेरी पत्र्याच्या नळीपासून जळणारी कोणतीही वस्तू 18 इंच, म्हणजे साधारण 45 सेंटिमीटर लांब हवी, हा अमेरिकेतला रूढ नियम. राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या 211 क्रमांकाच्या मानकात तो आहे. दुसरी नळी दुहेरी भिंतीची, मधे उष्णतारोधक भरलेली. बाजारात तिला क्लास ए चिमणी म्हणतात. तिला बहुधा 2 इंच मोकळी जागा पुरते. तिच्यावर यूएल 103 एचटी या सुरक्षा-चाचणीचा शिक्का हवा. या चाचणीत ती 538 अंशांच्या वायूवर सतत चालवून पाहतात आणि 1,149 अंशांचे दहा-दहा मिनिटांचे झटके तीनदा देतात. मात्र ती 2 इंचांची जागा रिकामीच ठेवायची. तिथे काचतंतूची गादी कोंबली की हवा खेळायची थांबते आणि लाकूड जास्तच तापतं. भल्या हेतूने केलेली ही चूक फार आढळते.

आता छपरावर चढू. तिकडच्या साध्या खोपटात वासे मध्यापासून मध्यापर्यंत 24 इंचांवर असतात आणि वासा असतो दीड इंच जाडीचा. म्हणजे दोन वाशांमध्ये मोकळी जागा साडेबावीस इंच. समजा नळी 8 इंच व्यासाची, एकेरी पत्र्याची. ती बरोबर मधोमध आणली तरी दोन्ही बाजूंना उरतात सव्वासात इंच. हवे होते 18. निम्म्याहून कमी.

म्हणून एक वासा मधून कापावा लागतो. कापलेली दोन टोकं वर-खाली आडव्या जोड-लाकडांवर टेकवायची आणि ती आडवी लाकडं शेजारच्या दोन वाशांना बांधायची. आपल्याकडे कौलारू घरात उजेडाची खिडकी ठेवताना सुतार असंच करतात. आता मोकळी जागा झाली साडेशेहेचाळीस इंच. 8 इंच नळी आणि दोन्ही बाजूंचे 18 मिळून 44. जमलं. 10 इंच नळीला 46 लागतात, तीही जेमतेम बसते. 12 इंच नळीला 48 हवेत, ती बसत नाही. दुसराही वासा कापा, नाहीतर नळी बदला. वाशांवरच्या रिपा आणि फळ्याही तेवढ्याच मागे सारायच्या, कारण आगीला वासा आणि फळी सारखीच. जी आडवी जोड-लाकडं नव्याने घातली, त्यांनाही तेच अंतर लागू. हे मात्र हमखास विसरलं जातं.

छपर साध्या वाशांचं नसून तयार कैच्यांचं असेल तर करवत खाली ठेवावी. कैचीचा एकही दांडा कापला की तिचं बळ जातं, आणि बर्फाचं ओझं असलेल्या प्रदेशात त्याचा अर्थ छपर खाली येणं असा होऊ शकतो. अशा ठिकाणी क्लास ए नळी घेणं शहाणपणाचं. आतून 8 इंची असलेली ती नळी बाहेरून साधारण 10 इंच भरते, दोन्ही बाजूंना 2 इंच धरले तरी 14. साडेबावीस इंचांत आरामात बसते, एक खिळाही हलवावा लागत नाही. थोडक्यात, एकेरी नळीत नळीचे पैसे वाचतात आणि सुतारकाम वाढतं, दुहेरीत उलट.

बहुतेकांना परवडणारा मार्ग मधला असतो. भट्टीपासून छपराखालपर्यंत एकेरी नळी, सगळीकडून 18 इंच मोकळी; आणि छपरातून पार जाणारा व वरचा भाग तेवढा क्लास ए. महागडी नळी मोजकीच लागते. पण इथे व्यासाचा हिशोब येतो. 2 फूट रुंद आणि 4 फूट लांब अशा लहान भट्टीला 8 इंचांच्या आसपास नळी पुरते. 6 आणि 8 इंची क्लास ए नळी घरांसाठी सर्रास खपते, म्हणून ती त्यातल्या त्यात स्वस्त आणि कुठेही मिळणारी. 10 आणि 12 इंचांच्या वर गेलात की किंमत झपाट्याने चढते. मोठी भट्टी घेण्याआधी हा आकडा विचारून घ्यावा. भट्टी सवलतीत मिळते आणि धुराडं खिसा रिकामा करतं, असं होऊ शकतं.

मोठ्या व्यासाच्या नळीच्या भट्ट्या चालवणारे पिढीजात शेतकरी एकेरी नळीच छपरातून नेतात. छपरावर पत्र्याची एक मोठी चौकट बसवतात. तिला रूफ जॅक म्हणतात. तिच्या मधल्या भोकातून नळी वर येते आणि दोघांमध्ये मुद्दाम फट ठेवतात, म्हणजे छपराखाली साठलेली गरम हवा तिथूनच निसटते. फटीवर पाऊस पडू नये म्हणून नळीभोवती झालरीसारखी पत्र्याची टोपी असते. लाकूड मागे सारल्यावर जो चार फुटांचा चौकोन फक्त पत्र्याने झाकलेला उरतो, त्याला बर्फाचं वजन पेलायला लोखंडी कोनांचा आधार द्यावा लागतो. हे सगळं नीट केलं तर चालतं. पण राहत्या घराच्या लाकडी छपरातून एकेरी नळी नेणं नियमात बसत नाही, आणि शेतातल्या सुट्या खोपटाला कुठे किती सूट आहे ते गावागणिक बदलतं. म्हणून भोक पाडायच्या आधी तिथल्या अग्निशमन अधिकाऱ्याला आणि विमा कंपनीला विचारायचं. विमेकरी आग लागल्यावर हाच प्रश्न विचारतो, मग आधीच विचारून घेतलेलं बरं.

भिंतीजवळच्या नळीसाठी आणखी एक स्वस्त युक्ती आहे. लाकडी भिंतीपासून एक इंच पुढे, 24 गेजचा पत्रा लावायचा. खाली आणि वर उघडा, म्हणजे मागून हवा वाहील. असा पडदा असला की 18 इंचांचे 6 होतात. पत्रा टेकवायला जे ठोकळे वापराल ते न जळणारे हवेत. तोच पत्रा भिंतीला चिकटवून ठोकला तर काहीच उपयोग नाही, कारण पत्रा तापतो आणि मागचं लाकूडही तेवढंच तापतं. सिमेंटच्या पाट्यांचंही तसंच. काम करते ती मागची वाहती हवा. पण ही सवलत भिंतीपाशी घ्यायची, छपरातल्या भोकापाशी नाही.

स्वस्तात काय घेऊ नये, तेही सांगायला हवं. वातानुकूलनाची, जस्ताचा मुलामा दिलेली नळी लोहाराकडे पडेल भावात मिळते. ती पातळ असते, आणि जस्त 420 अंशांना वितळतं. भट्टीजवळच्या भागात मुलामा जळतो, त्याचा धूर छातीत गेला की थंडी-ताप भरतो, आणि उघडं पडलेलं लोखंड एक-दोन हंगामांत चाळणीसारखं होतं. काळी शेगडीची नळी त्याहून बरी, पण वर्षातले दहा-अकरा महिने दमट खोपटात पडून तीही गंजते. स्टेनलेस स्टीलची नळी एकदाच घ्यावी. रूफ जॅक जस्ताचा चालतो, तो नळीपासून लांब असतो. तसंच पत्र्याच्या छपरावर नळीभोवती बसवायची रबरी टोपी: साधं काळं रबर सव्वाशे अंशांच्या आधीच हार मानतं, सिलिकोनचं आणखी शंभरेक अंश टिकतं. क्लास ए नळीच्या बाहेरच्या अंगावर सिलिकोनची टोपी ठीक आहे. तापलेल्या एकेरी नळीवर दोन्ही जळून खराब होतील.

आता ओढ. नळी धूर वर ओढते कारण आतला गरम वायू बाहेरच्या थंड हवेपेक्षा हलका असतो. शून्य अंशाची हवा घनमीटरला 1.29 किलो, 400 अंशांचा वायू जेमतेम 0.52. यातून दर मीटर उंचीला साधारण साडेसात पास्कलचा दाब मिळतो, म्हणून 5 मीटर नळी 3 मीटरच्या नळीपेक्षा खूपच जोरात ओढते. जुना संकेत आहे की नळीची उंची भट्टीच्या लांबीच्या निदान दुप्पट असावी. घरांच्या चिमणीचा नियमही पाळावा: छपरातून जिथे निघते तिथून निदान 3 फूट वर, आणि 10 फुटांच्या आत छपराचा जो काही भाग असेल त्याहून 2 फूट वर. आढ्याच्या जवळून नळी काढली तर ही उंची कमी नळीत मिळते. शिवाय तिकडे मार्चमध्ये पत्र्यावरचा बर्फाचा थर एकदम घसरतो आणि वाटेतली नळी मोडून नेतो; आढ्याजवळ वरून घसरणारं बर्फच थोडं असतं. थोडक्यात सांगायचं तर भट्टी कुठे ठेवायची ते जमिनीवर ठरवू नये. आढं आणि वासे पाहून छपरातली जागा ठरवायची, तिथून ओलंबा सोडायचा, आणि भट्टीचा मागचा भाग त्या ओलंब्याखाली आणायचा. हे केलं की नळी सरळ जाते. प्रत्येक वळण ओढ खातं आणि प्रत्येक वळणाचे पैसे पडतात.

नळीचे तुकडे जोडताना वरच्या तुकड्याचं टोक खालच्याच्या आत गेलं पाहिजे, म्हणजे आतून ओघळणारं पाणी आणि काजळी आतच राहते. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू, तेही लोखंडाचे. ॲल्युमिनियमच्या रिबिटी या उष्णतेत भरवशाच्या नाहीत. छपरावर उंच गेलेल्या नळीला तारांचे ताण द्यायचे. रूफ जॅकच्या चौकटीची वरची कड छपराच्या पत्र्याखाली आणि खालची कड पत्र्यावर, कौलं रचतो तशी. डांबर किंवा चिकटद्रव्य फासून गळती थांबवण्यात अर्थ नाही.

वर टोपण हवंच, कारण हंगाम संपल्यावर नळीतून शिरलेला पाऊस थेट भट्टीत पडतो. ओली राख लोखंड गंजवते. शेतकरी बिजागरीचं झाकण लावतात आणि त्याची तार खाली सोडतात, आग पेटवायच्या आधी ओढून उघडायला. ठिणग्यांसाठी जाळी लावली तर ती दर काही दिवसांनी पाहायची, काजळीने बुजली की धूर उलटा खोपटात येतो. हंगामाच्या सुरुवातीला छपरावर बर्फ असतं म्हणून ठिणग्यांचं काही वाटत नाही. एप्रिलमध्ये तेच छपर आणि आजूबाजूचं गवत वाळलेलं असतं, आणि आगीला तोवर सगळे सरावलेले असतात.

वाफेचा रस्ता वेगळा. तासाला शंभरेक लिटर पाणी हवेत जात असेल तर ते नळीतून जात नाही, खोपटाच्या आढ्यावर उघडझाप करणारी झडपांची माळवजा खोली असते तिथून जातं. ती वाफ आणि नळी दोघंही खोलीतली हवा ओढतात. दारं-खिडक्या बंद करून उबेला बसलात तर भट्टीला हवा कमी पडते, आणि शेवटी निखारे उरले असताना कार्बन मोनॉक्साइड खोलीत साचू शकतो. भट्टीच्या तोंडाजवळ बाहेरून हवा येईल असं एक भोक खाली ठेवलं की दोन्ही सुटतं.

बॉस्टन-टोरंटोकडचे जे मराठी लोक परसातल्या दोन-चार मेपलचा रस काढू पाहतात, त्यांनी छपराच्या वाटेला न गेलेलंच चांगलं. चार भांडी रसासाठी उघड्यावर विटांची चूल पुरते. खोपटाचा विचार रस खूप यायला लागल्यावर करायचा. तेव्हाही आधी रसातलं पाणी आरओसारख्या गाळणीच्या यंत्राने कमी करता येतं: 2 टक्क्यांचा रस 8 टक्क्यांवर आणला की आटवायचं तीन चतुर्थांश पाणी आधीच गेलेलं असतं. मग भट्टी लहान, नळी लहान, भोकही लहान.

सगळं बसवून झालं की पहिली आग रसावर पेटवू नका. भांड्यांत पाणी भरा, भट्टी नेहमीच्या जोरावर तासभर चालवा आणि शिडीवर चढून नळीच्या सगळ्यात जवळच्या लाकडावर तळहात ठेवा. हात काढून घ्यावासा वाटला तर अंतर कमी पडलंय. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर तो लाकडावर रोखा. चकचकीत स्टेनलेसवर रोखलात तर तो खूपच कमी तापमान दाखवतो.